आंद्रेला उचललं हे खरं, पण त्या रात्रीची कुस्ती दुसरीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकन व्यावसायिक कुस्तीपटू हल्क होगन गेल्यानंतर आपल्या रविवार पुरवणीत त्याच्यावर पानभर लेख आला. लेख मनापासून लिहिलेला होता, म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं. लेखक एका परिच्छेदात म्हणतात की रेसलमेनिया ३ या १९८७ च्या मोठ्या कार्यक्रमातली होगन आणि महाकाय आंद्रे द जायंट यांची लढत ही या खेळातली सर्वोत्तम लढत. पुढच्याच परिच्छेदात म्हणतात, या लढतींचे निकाल आधी ठरलेले असतात, तेव्हा त्यांच्या दर्जाची चर्चाच फोल. दर्जाच नसेल तर सर्वोत्तम कुठून आली, हे त्यांनी सांगायला हवं होतं.

मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर माझ्यापुढे पाठी, माना आणि गुडघे येतात. लहानपणी भावांबरोबर डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन कुस्ती कंपनीचे ट्रम्प कार्ड खेळले, तेव्हापासून हा नाद आहे. त्या पत्त्यांवर उंची, वजन, छाती, दंड, रँक असे आकडे असत. वजनाच्या खेळीत भारी पत्ता हातात आला की डाव आपलाच. पडायचं कसं, समोरच्याला सांभाळायचं कसं, याला पत्त्यावर रकानाच नव्हता. आपले लेखक अजून त्याच पत्त्यांनी खेळताहेत असं वाटलं.

निकाल ठरलेला असतो हे कबूल. कीर्तनाला बसलेल्या माणसालाही रावण मरणार हे ठाऊक असतं. तरी कुठल्या बुवांचं कीर्तन रंगलं आणि कुठल्यांचं नाही, हे तो बरोबर सांगतो. शिवाय जिंकणार कोण हे ठरवता येतं, पण गुरुत्वाकर्षण ठरवता येत नाही. कॅनव्हासखाली जेमतेम पातळ गादी, तिच्याखाली लाकडी फळ्या, त्यांच्याखाली लोखंड. पडताना हनुवटी छातीला टेकवून मान वाचवायची, पाठीचा वरचा सपाट भाग आधी टेकवायचा, हात पसरून आपटायचे म्हणजे धक्का वाटला जातो. एवढं सगळं निमिषात करायचं, आणि पाहणाऱ्याला मात्र तो माणूस गाफील पडला असंच वाटलं पाहिजे. मी दर्जा बघते तो इथे.

आता त्या रात्रीकडे येऊ. २९ मार्च १९८७, मिशिगनमधलं पॉन्टिअॅक सिल्व्हरडोम. कंपनीने जाहीर केलेला प्रेक्षकांचा आकडा ९३,१७३. आपल्या लेखातही तोच आहे. या आकड्यावर वर्षानुवर्षं वाद आहे. कुस्तीचे जुने पत्रकार डेव्ह मेल्ट्झर तो ७८ हजारांच्या आसपास धरतात. पण दोन्हींपैकी कुठलाही घेतला तरी तो तिकीटविक्रीचा आकडा आहे, कुस्तीचा नाही.

होगन-आंद्रे लढत साधारण बारा मिनिटांची. सुरुवातीलाच होगन आंद्रेला उचलायला जातो, पाठ दगा देते आणि आंद्रे त्याच्यावर कोसळतो. ही सुरुवात उत्तम आहे, कारण शेवटच्या बॉडीस्लॅमची, म्हणजे उचलून पाठीवर आपटण्याची, भूक इथेच लागते. मग मध्ये आंद्रेने होगनला घातलेली ती लांबलचक मिठी. प्रेक्षक म्हणून कंटाळा येतो. फिजिओ म्हणून पाहिलं तर तिथेच डोळे ओले होतात. आंद्रेला अॅक्रोमेगली (वाढीच्या संप्रेरकाच्या अतिरेकाने हाडं वाढत जाण्याचा विकार) होती, काही महिन्यांपूर्वीच पाठीची शस्त्रक्रिया झाली होती आणि काळ्या पोशाखाच्या आत त्याने कंबरपट्टा घातलेला होता. अशा माणसाला पुन्हा पुन्हा पाडायचं नाही, पळवायचं नाही, उभ्याउभ्या टेकायला काहीतरी द्यायचं. मिठी म्हणजे त्याला टेकायला होगन दिला. बाकी वेळ तो दोरखंडाचा आधार शोधतो. आणि शेवटी तोच आंद्रे ती दुखरी पाठ घेऊन बॉडीस्लॅम घेतो, म्हणजे त्या पाठीवर सपाट पडायला राजी होतो. टाळ्या होगनला मिळाल्या. माझ्या हिशेबात तो क्षण आंद्रेचा.

मेल्ट्झर लढतींना तारे देऊन गुण देतात. या लढतीला त्यांनी उणे चार, म्हणजे शून्याच्याही खाली, तारे दिले होते. मला ते निर्दयी वाटतं. ज्याला वाकणं मुश्कील त्याने वाकून दाखवलं नाही म्हणून गुण कापल्यासारखं. पण म्हणून तिला सर्वोत्तमही म्हणता येत नाही. दोन क्षण मोठे आणि मधली दहा मिनिटं रिकामी, असं तिचं खरं मोजमाप आहे.

सर्वोत्तम लढत त्याच रिंगमध्ये, त्याच रात्री, आधी होऊन गेली होती. रॅंडी सॅव्हेज विरुद्ध रिकी स्टीमबोट, इंटरकॉन्टिनेन्टल अजिंक्यपदासाठी. आपल्या पानभर लेखात तिला एक ओळही नाही.

ही साडेचौदा मिनिटं नीट बघावीत. आधीच्या नोव्हेंबरात सॅव्हेजने रिंगच्या घंटेने स्टीमबोटचा गळा चेचला, अशी कथा होती. म्हणून स्टीमबोट येतो तो थेट सॅव्हेजचाच गळा दोन्ही हातांनी धरून त्याला अधांतरी उचलतो. संवाद नाही, सूत्रधार नाही. त्या एका पकडीत मागचे चार महिने सांगून होतात. मग त्याचे आर्म ड्रॅग, म्हणजे हात धरून समोरच्याला भिरकावणं. सॅव्हेज दरवेळी असा उडतो की जणू हात खांद्यातून निघाला, आणि तरी स्टीमबोटचा हात त्याला जमिनीला टेकेपर्यंत सुटलेला नसतो. रुग्णाला पलंगावरून खुर्चीत घेताना आम्ही शिकाऊ मुलींना हेच ओरडून सांगतो: सोडू नका, पोचवा.

सॅव्हेजचा उलटा हल्ला सारा गळ्यावर. दोरावर गळा आपटणं, कोपर, गुडघा, सगळं तिथेच. स्टीमबोटला वरच्या दोरावरून बाहेर फेकलं की तो दोर धरून लोंबकळतो आणि पोटाच्या बळावर परत आत येतो. हे माझ्या तिशीतल्या रुग्णांनी करून दाखवावं. शेवटाकडे एकामागून एक पिन (खांदे टेकवून धरणं; रेफ्रीने तीन मोजले की जिंकला), दोनपर्यंत मोजणी आणि सुटका. रेफ्री डेव्ह हेबनर धडकेत पडतो. सॅव्हेज वरच्या दोरावरून आपला प्रसिद्ध एल्बो ड्रॉप, म्हणजे कोपर रोखून अंगावर उडी, देतो, पण मोजायलाच कोणी नाही. मग तो पुन्हा तीच घंटा आणतो. स्टीमबोटच्या बाजूने उभा असलेला जॉर्ज स्टील त्याला दोरावरून ढकलतो. सॅव्हेज उठून स्टीमबोटला उचलायला जातो, आणि स्टीमबोट उचलला जाता जाताच त्याला गुंडाळून खांदे टेकवतो. चितपट.

उणिवाही सांगते, नाहीतर पत्र म्हणजे आरती होईल. वेग कधीकधी जास्तच होतो. एका डावाचं दुखणं जिरायच्या आत दुसरा येतो. स्टीमबोटचा गळा उत्तरार्धात जरा लवकरच बरा होतो. स्टीलची लुडबुड मला आजही खटकते, ती नसती तर विजय निखळ स्टीमबोटचा झाला असता. आणि सगळं आधी बांधलेलं होतं हे जाणवतं. सॅव्हेज प्रत्येक डाव कागदावर उतरवून घेई आणि दोघं एकमेकांची घोकंपट्टी तपासत, हे स्टीमबोटनेच मुलाखतींत सांगितलं आहे. १९८९ मध्ये तोच स्टीमबोट रिक फ्लेअर या दुसऱ्या नामांकित कुस्तीगिराशी शिकागो, न्यू ऑर्लिन्स आणि नॅशव्हिलला लढला, तिथे बरंचसं रिंगमध्येच सुचत गेलं. न्यू ऑर्लिन्सची लढत तर तासाच्या घरात गेली. श्वास घेणारी कुस्ती हवी असेल तर मीही त्याच लढती सांगेन. पण पंधरा मिनिटांत एवढं नेमकं काम कुणी बसवलं असेल, तर ते सॅव्हेजने. तो आधी बेसबॉल खेळायचा, त्यामुळे सरावाची शिस्त तिथली असावी, असा माझा आपला अंदाज.

१९८७ ची सर्वोत्तम लढत म्हणून मेल्ट्झरच्या ऑब्झर्व्हर या कुस्तीपत्रानेही हिचीच निवड केली आणि प्रो रेसलिंग इलस्ट्रेटेड या मासिकानेही. म्हणजे मी काही जगावेगळं बोलत नाही.

शेवटी एक दुरुस्ती, ती मात्र छापावी ही विनंती. लेखातल्या छायाचित्राखाली ‘आंद्रेला पहिल्यांदाच कुणीतरी उचलून आपटलं’ असं लिहिलं आहे. ती कंपनीची जाहिरात होती. खुद्द होगननेच १९८० च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर आंद्रेला बॉडीस्लॅम दिला होता, आणि ती लढत तो हरला होता. आंद्रेचं वजनही होगनच्या तोंडी दर मुलाखतीला वाढत गेलं. १९८७ च्या जाहिरातीत ते ५२० पौंड होतं, तेवढंच ठेवावं.

आपली,
एक वाचक, मिरज
(नाव छापू नये. रुग्ण आधीच विचारतात, मॅडम तुम्ही कुस्ती बघता?)