फिरणारी बिजागरी फिरवली म्हणून वॉरंटी नाकारल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : फिरत्या स्क्रीनच्या कीबोर्ड-फोनची वॉरंटीतली दुरुस्ती नाकारल्याबाबत तक्रार

महोदय,

आपल्या दुरुस्ती केंद्राने माझा फोन दुसऱ्यांदा तसाच परत पाठवला आहे. या वेळी जॉब शीटवर शेरा आहे : 'वापरकर्त्याने जादा जोर लावल्याने नुकसान. वॉरंटी लागू नाही.' फोन घेऊन आठ महिने झाले, वॉरंटी वर्षाची आहे. हा शेरा मला मान्य नाही. का नाही, ते जरा सविस्तर लिहितो, कारण केंद्राच्या खिडकीवर ते ऐकून घ्यायला कुणाला सवड नव्हती.

दोष असा आहे. फोन लॅपटॉपसारखा उघडला की साधारण ७० अंशांपर्यंत चित्र स्वच्छ दिसतं. ९० अंशांच्या आसपास उभ्या रेघा येतात. त्यापुढे, म्हणजे टाइप करताना स्क्रीन जिथे ठेवावी लागते नेमक्या तिथे, ती काळी पडते. तीच स्क्रीन वळवून कीबोर्डावर उताणी मिटली, की चित्र पुन्हा हजर! स्क्रीन काळी असताना फोन वाजतो, गजर होतो, कळा दाबल्याचा आवाजही येतो. मी तो त्याच अवस्थेत केबलने संगणकाला जोडला आणि फोनचं चित्र संगणकावर दाखवणारा मायक्रोसॉफ्टचा रिमोट डिस्प्ले प्रोग्रॅम चालवून पाहिला. संगणकावर सगळं ठणठणीत दिसत होतं. याचा अर्थ फोन चित्र तयार करतोय, ते स्क्रीनपर्यंत पोचत नाही. कीबोर्डाच्या अर्ध्यातून स्क्रीनच्या अर्ध्यात जाणारी पट्टीसारखी फ्लेक्स केबल बिजागरीतून जाते, आणि कोन बदलला की दोष बदलतो. संशय कुणावर घ्यायचा, हे सांगायला तंत्रज्ञ लागू नये.

तरीही पहिल्या खेपेला फोन तीन आठवडे ठेवून 'दोष आढळला नाही' असं लिहून दिलं गेलं. मी विचारलं, तपासला कसा? उत्तर मिळालं, "टेबलावर ठेवून." म्हणजे स्क्रीन वर करून, मिटलेल्या अवस्थेत. त्या अवस्थेत तो चालतो, हे मी फॉर्मवर आधीच लिहिलं होतं. दार करकरतं म्हणून सुताराला बोलवावं आणि त्याने बंद दाराला कान लावून 'आवाज येत नाही' म्हणावं, तसं हे झालं.

आता जादा जोराबद्दल. मी बांधकामांची तपासणी करतो आणि जागेवरच अहवाल लिहितो, म्हणून तर हा पाव किलोहून जड ऐवज खिशात बाळगतो. दिवसातून वीस-पंचवीस वेळा तो उघडला जातो. त्यातल्या चार-पाच वेळा स्क्रीन वळवून पाटीसारखी करतो आणि समोरच्याला तड्यांचे फोटो दाखवतो. वळवतो ती बिजागरीवरच्या बाणाच्या दिशेनेच, आपल्या पुस्तिकेतल्या चित्रात आहे तशी. फोन कधी पडलेला नाही. कोपरे पाहावेत, एकही पोचा नाही. आपल्या जाहिरातीतला माणूस मात्र विमानात एका हाताने स्क्रीन गर्रकन फिरवतो. मी तेवढाही उत्साह कधी दाखवलेला नाही.

१९९६ साली नोकियाचा ९००० कम्युनिकेटर हा कीबोर्डवाला फोन आला, तो पुस्तकासारखा उघडायचा आणि मिटायचा. आपली बिजागरी उघडतेही आणि वळतेही, म्हणजे आतल्या केबलला वाकही सोसावा लागतो आणि पीळही. हे अवघड काम आहे, मान्य. पण ते अवघड काम आपण स्वतःहून अंगावर घेतलंत आणि 'व्यवसायासाठी' असं खोक्यावर छापून विकलंत. व्यवसायात वस्तू रोज वापरली जाते. फिरवण्यासाठी बनवलेली वस्तू फिरवली, हा जादा जोर ठरत असेल, तर दिवसातून किती वेळा फिरवलेली चालेल, ते पुस्तिकेत छापा.

दुसऱ्या खेपेला आणखी एक प्रकार घडला. परत आलेला फोन कोरा करकरीत होता. कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडर ऑफिसच्या सर्व्हरवरून परत उतरले. जागेवर रेकॉर्ड केलेल्या आवाजी नोंदी आणि स्टायलसने काढलेली टिपणं मात्र गेली. कामातली दोन आठवड्यांची मेहनत होती ती. केंद्राचं म्हणणं, "बॅटरी पूर्ण उतरली, त्यामुळे डेटा गेला." हे विंडोज मोबाइल २००३ या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीवर चालणाऱ्या फोनबद्दल खरं होतं, कारण तेव्हा माहिती रॅममध्ये राहायची आणि बॅटरी संपली की पुसली जायची. माझ्या फोनवर विंडोज मोबाइल ५.० आहे. त्यात माहिती फ्लॅश मेमरीत राहते, बॅटरी काढून ठेवली तरी जात नाही, आणि आपल्याच माहितीपत्रकात हे ठळक अक्षरात छापलं आहे. म्हणजे कुणीतरी हार्ड रीसेट केला, सगळं पुसून फोन नव्यासारखा कोरा केला. तो चुकून होत नाही. ठरावीक बटणं धरून ठेवावी लागतात, आणि वर पुन्हा होकार द्यावा लागतो. मला न विचारता तो होकार कुणी दिला? डेटा पुसू नये, असं मी फॉर्मवर लिहून खाली रेघ ओढली होती. बॅकअप ठेवायला हवा होता, ही माझी चूक, ती कबूल. पण म्हणून खोटं कारण ऐकून घेण्याची माझी तयारी नाही.

राग आहे, तरी एक सांगतो : या फोनचा कीबोर्ड मला मनापासून आवडतो. दोन अंगठ्यांनी पानभर मजकूर लिहिता येतो, अंकांची ओळ वेगळी आहे, आणि ६४० गुणिले ४८० ची स्क्रीन (दिसते तेव्हा) वाचायला सुखाची आहे. म्हणून मी पैसे परत मागत नाही. बिजागरी आणि केबल वॉरंटीत बदलून द्या. बदलल्यावर स्क्रीन उघडी, अर्धी आणि वळवलेली, अशा सगळ्या अवस्थांत माझ्यासमोर चालवून दाखवा. जादा जोराचा शेरा रद्द केल्याचं लेखी द्या, आणि डेटा कसा गेला याचं खरं उत्तर द्या. पंधरा दिवस वाट पाहीन. तोवर कुणी फोन उघडणार असेल, तर आधी मला विचारावं.

दोन्ही जॉब शीटच्या प्रती आणि चार वेगवेगळ्या कोनांतले फोनचे फोटो सोबत जोडले आहेत.

उत्तर कृपया टपालाने पाठवावे. मेल पाठवलीत तर ती फोनवर लगेच पोचेल. मला ती वाचता येईल की नाही, हे बिजागरी त्या वेळी कुठल्या कोनात आहे त्यावर राहील.

आपला,
एक ग्राहक