घाट ते संगम, पायी

महोदय,

गुडघ्यांमुळे माझं गड चढणं सुटलं, चालणं मात्र सुटलेलं नाही, ते सांगलीच्या सपाटीमुळे. सकाळी गणपतीचं दर्शन घेऊन घाटावर उतरायचं, मग हरिपूर रस्त्याने कृष्णा-वारणेच्या संगमापर्यंत रमतगमत जायचं. चढ नावालाही नाही. संगमेश्वराच्या पायऱ्यांवर बसलं की अर्धा तास कसा जातो कळत नाही. हळद साठवायची हरिपूरची जुनी पेवंही पोरांना जरूर सांगावीत.

परवा नात सोबत होती. १९२९ सालचा आयर्विन पूल बघताना तिला सांगितलं, २०१९च्या महापुरात इथं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ती वर बघतच राहिली. नदी अशीच पायी हिंडून कळते.

पण पूर ओसरल्यावर पायऱ्यांवरचा गाळ लगेच निघत नाही. मागे त्यावरूनच माझा पाय घसरला होता. हरिपूर रस्त्यावर दुचाक्या अंगावरून जातात आणि ज्येष्ठांना टेकायला बाकडंही सापडत नाही. संबंधितांनी दिवाळीच्या आत गाळ काढावा, चालणाऱ्यांसाठी रस्त्याची एक कड मोकळी ठेवावी आणि झाडांखाली चार बाकं टाकावीत, ही कळकळीची विनंती.

– एक ज्येष्ठ वाचक, सांगली