माळ्यावरची बॅग आठ दिवस आधी उतरवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शाळांच्या परीक्षा संपत आल्या की माझ्या दुकानापुढे संध्याकाळी गर्दी होते. सोलापुरात गेली 27 वर्षं मी बॅगा दुरुस्त करतो, माझ्या आधी वडील करायचे. येणाऱ्यांपैकी निम्मे लोक एकच सांगतात, "आज रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघायचंय, तेवढी चेन बसवून द्या." घाईत बसवलेली चेन कुर्डुवाडीपर्यंत टिकली तरी नशीब. म्हणून सुट्ट्या लागण्याआधीच हे पत्र लिहितो आहे.

तिकिटाचं लोक लवकर बघतात, ते बरं आहे. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, पूर्वी 120 दिवस होते. मे महिन्यात जायचं तर मार्चमध्येच जागं व्हावं लागतं. नाहीतर आदल्या दिवशी तत्काळ आहेच, एसीचं सकाळी दहाला आणि स्लीपरचं अकराला. पण तिकिटासाठी दोन महिने आधी धडपडणारा माणूस बॅग मात्र निघायच्या दिवशी दुपारी माळ्यावरून काढतो, आणि तिथेच फसतो.

आपल्याकडे पत्र्याखालचा माळा एप्रिल-मेमध्ये भट्टीसारखा तापतो. ट्रॉली बॅगेच्या चाकांवर रबरासारखं जे मऊ आवरण असतं, ते न वापरता वर्षानुवर्षं पडून राहिलं की उष्णतेने आणि पावसाळ्यातल्या दमट हवेने आतून कुजतं. चाक दिसायला नवंकोरं, पण स्टेशनच्या फरशीवर शंभर पावलं ओढलं की त्याचा चुरा होतो. "एकदाच वापरली होती हो," असं लोक काकुळतीने सांगतात. एकदाच वापरली म्हणूनच ती गेली. कपाटात जपून ठेवलेल्या स्पोर्ट्स बुटांचंही तेच. मागच्या वर्षी एक ताई बूट घेऊन आल्या होत्या. वेरूळला लेणी बघताना दोन्ही तळवे सुटून हातात आले आणि उरलेला दिवस त्या तापलेल्या दगडावरून अनवाणी फिरल्या. तेव्हा बॅग आणि बूट आठ दिवस आधी काढा. चाकावर अंगठ्याचं नख दाबून बघा, खूण तशीच राहिली किंवा भुकटी हाताला लागली तर चाकं बदलून घ्या. बूट घालून रोज भाजीला जाऊन या.

चेनबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहा बॅगांपैकी सहा-सात चेनच्याच असतात. चेनचे दात सहसा तुटत नाहीत, रनर म्हणजे दातांवरून सरकणारा तुकडा फाकतो. बॅग गच्च भरायची, तिच्यावर गुडघा टेकायचा आणि रनर हिसक्याने ओढायचा, ही घरोघरची पद्धत. त्या हिसक्यात रनरच्या दोन पाकळ्या केसाएवढ्या लांब जातात. मग रनर पुढे जातो पण मागे चेन उघडीच राहते. पकडीने दोन्ही बाजूंनी हलकेच दाबलं तर तो पुन्हा धरतो, मात्र जोर जास्त झाला तर तुकडाच पडतो. निघण्याआधी दातांवरून साधी मेणबत्ती फिरवा. आणि दोन बोटांनी चेन लागत नसेल तर गुडघा टेकू नका, आतले दोन कपडे कमी करा.

कमी काय करायचं? सोलापूरचा असून सांगतो, टेरी टॉवेल घरी ठेवा आणि पंचा न्या. आपला टॉवेल पाणी भरपूर पितो, म्हणून तो घरी चांगला, पण लॉजवर रात्रीत वाळत नाही आणि ओला बॅगेत घातला की सगळ्या कपड्यांना कुबट वास लागतो. पंचा खिडकीत टाकला की तासाभरात वाळतो. जीन्स अंगावर एक असेल तेवढीच. नातेवाइकांना द्यायच्या चादरींची पिशवी वेगळी ठेवा. दोन-तीन चादरींचं ओझं ट्रॉलीच्या दांड्यावर आलं की दांड्याची रिपिटं निघतात. येताना ती पिशवी घडी करून ठेवता येते.

भरून झालेली बॅग एकदा घरच्या जिन्यावरून वर नेऊन खाली आणा. जो माणूस प्रवासात उचलणार आहे त्यानेच, त्याच्या मुलाने नव्हे. चाकांची बॅग असली तरी पुलाच्या पायऱ्यांवर ती हातानेच न्यावी लागते.

डब्याचं एकच सांगतो. कडक भाकरी प्लॅस्टिकमध्ये बांधू नका, घाम धरून ती वातड होते. जुन्या सुती धोतराच्या फडक्यात गुंडाळा आणि दोन ताटल्यांच्या मध्ये उभी ठेवा, म्हणजे तुकडे होत नाहीत. उखळात कुटलेल्या शेंगाचटणीला तेल सुटतं. कागदात बांधलेल्या चटणीने लग्नातला शालू खराब झालेला मी पाहिला आहे. ती स्टीलच्या डब्यात, आणि डबा वेगळ्या पिशवीत. विमानाने जाणाऱ्यांनी पॉवर बँक जमा करायच्या बॅगेत घालू नये, ती जवळच्या बॅगेत लागते.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहितो आहे ते. काही वर्षांपूर्वी आईला घेऊन रात्रीच्या गाडीने बहिणीकडे डोंबिवलीला निघालो होतो. आईला साखरेचा त्रास. औषधं, बिस्किटं सगळं मीच व्यवस्थित भरलं होतं, पण मोठ्या बॅगेत. ती खालच्या बर्थखाली साखळीला बांधलेली आणि तिच्यापुढे दुसऱ्या दोन कुटुंबांचं सामान. रात्री दोनच्या सुमारास आईची साखर एकदम उतरली, दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. मी अंधारात कुलपाची किल्ली शोधतो आहे, मधला बर्थ लावलेला, कुणाचा तरी पाय माझ्या पाठीवर. समोरच्या एका मावशींनी त्यांच्या कनवटीचा गुळाचा खडा आईच्या तोंडात घातला. दहा मिनिटांनी आई बोलायला लागली. मी बॅगा शिवणारा माणूस, आणि माझ्या आईच्या हाताशी एक साधी पिशवी नव्हती.

त्या आठवड्यात मी तिच्यासाठी कमरेची पिशवी शिवली आणि तेव्हापासून ओळखीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसासाठी शिवतो. यात माझ्या दुकानाची जाहिरात नको, म्हणून पत्ता देत नाही. घरी कुणालाही शिवता येईल. जुन्या नऊवारीचा सुती तुकडा घ्या, एक वीत लांब आणि आठ बोटं रुंद, दुहेरी. आत दोन कप्पे करा. एकात दोन दिवसांची औषधं आणि गुळाचा किंवा खडीसाखरेचा खडा. दुसऱ्यात नाव, आजार, चालू गोळ्या आणि घरच्या दोन माणसांचे फोन नंबर लिहिलेला जाड कागद, मोबाईलची बॅटरी संपली तरी तो वाचता येतो. तोंडाला चेन लावू नका, थरथरत्या हाताला रनर सापडत नाही. रुंद नाडी लावा आणि ती ओढली की सुटेल अशी सुरगाठ मारा. झोपताना पिशवी उशाला नको, अंगावरच असू द्या.

आपला,
एक बॅग कारागीर,
साखर पेठ, सोलापूर