एकतानगरीतून मनापासून आभार

२५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासला धरणातून मुठा नदीत सोडलेलं पाणी पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत शिरलं. त्या दिवशी धावून आलेल्या माणसांची नावं विचारायचं भान कुणाला नव्हतं, म्हणून हे आभार इथे.

अग्निशमन दलाचे जवान बोट घेऊन थेट जिन्यापर्यंत आले. आईला गुडघ्यांमुळे उतरता येईना. दोघांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. तिसऱ्याने तिच्या इन्सुलिनची पिशवी डोक्यावर धरली आणि छातीभर पाण्यातून चालत राहिला. "आजी, माझ्याकडे बघा, पाण्याकडे नको," एवढंच तो सारखं म्हणत होता. दादा, तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही.

पाणी ओसरल्यावरचं काम बातम्यांत फार दिसत नाही, पण खरा कस तिथेच लागतो. पार्किंगमध्ये चिखल, भिजलेल्या गाद्या, धान्याची कुजलेली पोती आणि असह्य वास. महापालिकेच्या सफाई कामगारांनी फावड्याने तो गाळ उपसला, टँकरच्या पाण्याने जिने धुतले, औषध फवारलं. एका मावशींनी आमच्या कचऱ्याच्या ढिगातला लग्नाचा अल्बम बाजूला काढून, पुसून कठड्यावर वाळत ठेवला. तो आज आमच्या कपाटात आहे.

वीज जोडण्याआधी प्रत्येक मीटर उघडून तपासणाऱ्या लाइनमनचेही आभार. घाई करणारे आम्हीच होतो, ते मात्र शांतपणे काम करत राहिले.

यांपैकी कुणाला ओळखत असाल तर आमचा नमस्कार जरूर पोचवा. आई भेटायला बोलावते आहे.