बाबा, ती उंच स्टुलं नकोत

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

स्वयंपाकघरातच दोघांना बसून न्याहारी करता येईल असा काउंटर करून घ्यायचं तुम्ही ठरवलंत, याचा मला फार आनंद झाला. आईने ओट्याशी उभ्या उभ्या खायचं आणि बाबांनी बाहेरच्या खोलीत एकट्याने, हे आता पुरे झालं. मात्र बाबा, तुम्ही पाठवलेला फोटो मी नीट बघितला, आणि त्यातली उंच स्टुलं मला तुमच्या घरात नको आहेत. तेवढं सांगायलाच हे पत्र लिहिते आहे.

त्या धाटणीचा काउंटर जमिनीपासून साधारण ४२ इंच उंच असतो आणि त्याला ३० इंची स्टूल लागतं. म्हणजे आधी दांडीवर पाय ठेवून चढायचं, मग अंग वळवून बसायचं. उतरणं त्याहून अवघड, कारण पाय अधांतरी असतात आणि जमीन नेमकी कुठे आहे हे दिसत नाही. आईच्या गुडघ्यांना ही कसरत रोज कशाला? आणि बाबा, रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यापासून एकदम उठलं की तुमच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी पाय जमिनीवर टेकलेले असायलाच हवेत.

ओट्याच्याच उंचीवर, म्हणजे ३४-३६ इंचांवर, दगड पुढे वाढवून घेणं हा मधला मार्ग. तो दिसतो छान, एकसलग, आणि उभ्याने काम करायला जास्तीची जागाही मिळते. पण त्यालाही २४ ते २६ इंचांचं स्टूल लागतंच. म्हणून मला तिसरा पर्याय सगळ्यांत पटतो. ओटा संपतो तिथून एक पायरी खाली उतरल्यासारखी, जमिनीपासून ३० इंचांवर, वेगळी फळी घ्यायची. जेवणाच्या टेबलाची उंची साधारण एवढीच असते. तिच्यापुढे नेहमीची, १७-१८ इंचांवर बैठक असलेली खुर्ची चालते आणि पाऊल पूर्ण टेकतं. शिवाय आई, भाजी निवडणं, चिरणं, पीठ मळणं, हे सगळं तुला तिथे बसून करता येईल. मला न्याहारीपेक्षाही याचं महत्त्व जास्त वाटतं. उंच काउंटरवर तू दिवसातून एकदा बसशील, या फळीपाशी दहा वेळा.

खुर्च्यांना पाठ हवी आणि हातही हवेत, म्हणजे हातांवर जोर देऊन उठता येतं. फिरत्या किंवा चाकांच्या अजिबात नकोत. फक्त त्यांचे हात फळीखाली सरकतात का, हे विकत घेण्याआधी मोजून बघा, नाहीतर खुर्ची कायम लांब राहील आणि घास घ्यायला वाकावं लागेल.

सुताराला एक गोष्ट आधीच बजावून सांगा. फळीखालची जागा रिकामी दिसली की तिथे कपाट करून द्यायचा मोह होतो. ते होऊ देऊ नका. या उंचीवर गुडघे आत जायला १८ इंच खोली मोकळी लागते. रुंदी माणशी २४ इंच धरतात, पण तुमच्या दोघांसाठी मी ५४ तरी घेईन, म्हणजे वर्तमानपत्र उघडलं तरी कोपर लागणार नाही. खुर्चीच्या मागून कोणी जाणार नसेल तर फळीच्या कडेपासून भिंतीपर्यंत ३६ इंच पुरतात. वाट तिथूनच असेल तर ४४ हवेत.

आता आधाराचं. उठताना आपण सगळेच नकळत टेबलाच्या कडेवर भार देतो, आणि वय वाढतं तसा तो भार वाढतो. त्यामुळे फळी नुसती ताटं पेलणारी नको, माणूस पेलणारी हवी. दगडी फळी १८ इंच नुसतीच बाहेर काढलेली चालणार नाही. खाली लोखंडी ब्रॅकेट, तेही भिंतीच्या विटांत पक्के बसवलेले हवेत. याच कारणासाठी बिजागरीची, घडी घालून भिंतीला लावायची फळी मला तुमच्यासाठी नको वाटते. जागा वाचते खरी, पण नेमका भार द्यायच्या क्षणी खटका सुटला तर?

जागा कुठली, हे तुम्हीच ठरवा. माझं मन खिडकीकडे ओढतं, सकाळचा उजेड थेट ताटात येतो. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांतली भिंत अर्धी फोडून मधे काउंटर करायची कल्पनाही चांगली आहे, आईला काम करता करता घरातल्यांशी बोलता येईल. पण ती भिंत इमारतीचा भार पेलणारी आहे का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने येऊन बघितल्याशिवाय हातोडा लावू द्यायचा नाही. गवंडी कितीही ओळखीचा असला तरी.

दगड ग्रॅनाइटचा घ्या. संगमरवरावर आंबट काही सांडलं की तिथली चकाकी उडते. कोपरे गोल करून घ्या. कड जमिनीच्या रंगात मिसळणारी नको, उठून दिसणारी हवी, आणि वरची चमक कमी, म्हणजे दिव्याची तिरीप डोळ्यांवर येणार नाही. दिवा फळीच्या वर अडीच फुटांवर टांगायचा, शेड खोल घ्यायची. प्लग बाजूच्या भिंतीवर, सिंकपासून लांब, आणि कुठलीही वायर चालायच्या वाटेत येणार नाही असा.

काम सुरू करण्याआधी एक कराच. ठरलेल्या जागी खोक्यांवर एखादी जुनी फळी ३० इंचांवर ठेवा आणि काही दिवस तिथेच बसून खा. त्या फळीवर भार मात्र देऊ नका. फ्रीजचं दार पूर्ण उघडतं का, कोणाला कुठल्या बाजूने उठणं सोपं जातं, हे तेव्हाच कळेल. उंची एखाद इंच वर-खाली करावीशी वाटली तर करा, ती तुमच्याच अंगाच्या मापाची हवी.

बाबा, मला तीन मापं कळवा: ओट्याची उंची, ओट्याच्या टोकापासून समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर आणि खिडकीच्या कठड्याची उंची. कठडा ३० इंचांहून खाली असेल तर फळी काचेपुढे येईल आणि खिडकी उघडायला अडेल, तेव्हा ते माप आधी घ्या. मग मी कागदावर आराखडा काढून पाठवते, तो सुताराला दाखवता येईल.

तुमची लेक