नुसते स्कॅन पुरेसे नाही

शासकीय प्रकाशने ऑनलाइन आणावीत, असे सुचवणारा आपल्या अंकातील लेख वाचला. सूचना योग्यच आहे. मात्र पानांची छायाचित्रे संकेतस्थळावर टाकली की काम संपले, असे समजू नये. भूसंपादनाची अधिसूचना शोधणाऱ्या मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याने गावाचे नाव टाइप केले, तर छायाचित्रातले नाव सापडत नाही. युनिकोड म्हणजे सर्व संगणकांना समजणारी अक्षरांची समान संकेतपद्धती; तिच्याआधीच्या जुन्या टंकातल्या (फॉन्टमधल्या) मराठी मजकुराचेही तेच; तो डोळ्यांना दिसतो, शोधयंत्राला नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ मध्ये नोंदी सूचीबद्ध करून संगणकीकृत ठेवण्याचे दायित्व आहेच. तेव्हा यापुढील प्रत्येक आदेश युनिकोड मराठीत, विषय व गावनिहाय सूचीसह द्यावा. त्याचा दुवाही कायम राहावा. संकेतस्थळ बदलले की जुने दुवे तुटतात, हे फार त्रासदायक आहे.

– एक वाचक, सोलापूर