कोंबड्यांच्या रोगांचे पुस्तक निवडताना

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

कुक्कुटपालनावरची बरीच पुस्तके रोगांची बोळवण शेवटच्या चार पानांत करतात. सुस्ती, खाणे कमी, पातळ हगवण ही लक्षणे निम्म्याअधिक रोगांत सारखीच. खरा फरक मेलेला पक्षी उघडल्यावर दिसतो, म्हणून शवविच्छेदनाचे रंगीत फोटो नसलेले पुस्तक घेऊच नये.

विकत घेण्याआधी गंबोरो या पिल्लांच्या विषाणूजन्य रोगाचे पान काढावे. लागण झाल्यापासून तिसऱ्या-चौथ्या दिवशी बर्सा (गुदद्वाराजवळची, रोगप्रतिकारशक्तीची ग्रंथी) सुजून जवळपास दुप्पट होतो, पाचव्या दिवशी पुन्हा मूळ वजनावर येतो आणि आठव्या दिवसापर्यंत आक्रसून साधारण तिसरा हिस्सा उरतो. नुसते ‘बर्सा सुजतो’ लिहिणारे पुस्तक फसवते. उशिरा उघडलेल्या पिल्लात लहान बर्सा दिसला की वाचक गंबोरो नाहीच म्हणून मोकळा होतो. दुसरी कसोटी रक्ती हगवणीची: रक्त आंधळ्या आतड्यात (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या बंद पिशव्यांत) आहे की लहान आतड्याच्या मधल्या भागात, हे पुस्तक वेगळे दाखवते का? दोन्हींचे जंतू वेगळे आहेत.

मानमोडी (राणीखेत) आणि बर्ड फ्लू या दोन्हींत पूर्वजठरात (पेटारीआधीच्या जठराच्या भागात) रक्ताचे ठिपके दिसू शकतात. निदान प्रयोगशाळेतच होते, हे ज्यात स्पष्ट लिहिले आहे ते पुस्तक विश्वासाचे. एकाएकी मोठी मरतूक झाली, तुरे निळे पडले, तर पक्षी उघडूच नये, पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवावे. ही सूचनाही त्यात हवी.

‘डिसीझेस ऑफ पोल्ट्री’ हा या विषयातला आधारग्रंथ. पहिली आवृत्ती 1943 ची, चौदावी 2020 ची, दोन खंडांत. महाग आहे, तेव्हा ग्रंथालयात पाहावा. मर्क पशुवैद्यकीय मॅन्युअलचा कुक्कुट विभाग मात्र इंटरनेटवर फुकट वाचता येतो आणि रोजच्या कामाला पुरतो.

जुनी आवृत्ती स्वस्तात मिळाली तर अवश्य घ्यावी. अवयवांतले बदल जुने होत नाहीत. तिच्यातले औषधांचे तक्ते मात्र वापरू नयेत. नायट्रोफ्युरान आणि क्लोरॅम्फेनिकॉल यांवर खाद्यप्राण्यांसाठी आता अनेक देशांत बंदी आहे. मात्रा, आणि औषध थांबवल्यावर अंडी-मांस किती दिवस विकायचे नाही, हे पशुवैद्यकालाच विचारावे.

आपल्या शेतीच्या पानावर अशा पुस्तकांचा परिचय येतो, तेव्हा आवृत्तीचे वर्ष आणि शवविच्छेदनाचे फोटो आहेत की नाहीत, एवढे जरूर छापावे, ही विनंती.

आपला,
एक पशुवैद्यक वाचक